निळ्या दाराकडे दाखवलेलं बोट

हे मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही. बायकोलाही नाही — आणि तिला तर माझी ऑफिसातली भांडणंसुद्धा तोंडपाठ आहेत.

दोन हजार सालानंतरची गोष्ट. दक्षिण लंडनमधल्या आमच्या भागात पोलिसांनी जाहीर केलं, थोडा गांजा सापडला तर पकडणार नाही, ताकीद देऊन सोडू. झालं! दर शनिवारी कुठून कुठून पोरं ट्रेनने यायची, जत्रेला आल्यासारखी. आमच्याच पायरीवर ओढत बसायची, तिथेच लघवी करायची. ज्यांच्या डोक्यातून हे निघालं ते राहत होते का आमच्या गल्लीत? अजून डोकं फिरतं.

शिवाय आमची दारं ठोठावायची — माल कुठे मिळेल? एकदा माझी सटकली. समोरच्या निळ्या दाराकडे बोट दाखवलं. तिकडे जा! मग पुढे तेच करत गेलो.

तिथे डेलरॉय राहायचा. जमैकन, बस चालवायचा, पाठीवर लांब जटा. जटा बघून हा गांजा विकतो हे कुणालाही पटलं असतं — म्हणून तर ते दार निवडलं ना मी?

पण मला खरं काय ते माहीत होतं. होळीला त्याला घरी बोलावलं होतं. मामाने नागपूरहून आणलेली भांग घोटून मी थंडाई केलेली. त्याने ग्लास परत केला, असलं काही घेत नाही म्हणाला. मी हसलो — अरे, ही भांग, गांजा नव्हे! एकाच झाडाची दोन्ही, हे मला ठाऊक नव्हतं? बायको म्हणाली, "फोर्स नको करूस रे त्याला, उद्या अर्ली शिफ्ट आहे त्याची."

पुढे रहिवाशांची मीटिंग झाली. सगळे पेटलेले, मी सर्वांत जास्त. कुणीतरी म्हणालं, निळ्या दारातूनच विक्री चालते. सगळ्यांनी माझ्याकडे पाहिलं, कारण समोर राहणारा मीच. मी म्हणालो, "लोक येतात खरे त्याच्याकडे."

खोटं एक अक्षर नव्हतं त्यात — आणि इतकं नीच वाक्य मी आयुष्यात दुसरं बोललो नाही.

घरमालकाने डेलरॉयला घर सोडायला लावलं. सामान हलवायच्या दिवशी मी त्याचा सोफा उचलू लागलो. व्हॅनमध्ये चढण्याआधी त्याने माझा हात घट्ट धरला. गल्लीतून तू एकटाच आलास, म्हणाला.

मी म्हणालो, शेजारी कशासाठी असतात?