बेल्ट आहे, पण अडकवायचा कुठं?

मंडळी, आज आमच्या राईस मिलच्या छताचे फुटके पत्रे बदलायचे होते. कारागीर देवाजींसाठी मी नवा सेफ्टी बेल्ट आणला होता, त्याचं मला कौतुकही वाटत होतं.

ते बायकोला घेऊन आले. बेल्टचा दोर त्यांनी छतावरून पलीकडे टाकला आणि पलीकडे खाली जमिनीवर उभ्या वहिनींनी त्याचं टोक आपल्या कमरेला बांधलं.

"हे काऊन?" मी विचारलं.

"वर दोर बांधाले काहीच नाही जी. म्हणून हिले आणलो."

मी काम थांबवलं. वेल्डर बोलावून छताचे पत्रे पेलणाऱ्या लोखंडी कैचीला कायमच्या पक्क्या कड्या बसवून घेतल्या. दुपारी देवाजी कडीत दोर अडकवून वर चढले. वहिनी सावलीत बसल्या, पण नजर वरच होती.

इतकी वर्षं माणसं या छतावर कशाच्या भरवशावर चढली, हे मी कधी विचारलंच नाही. तुम्ही विचारलंय?