गेलेल्यांचं आमंत्रण

कासू गावाच्या आसपास लग्न ठरलं की जिवंतांना पत्रिका जाते आणि गेलेल्यांना सरूआत्या बोलावते. सरूआत्या धवलारीण. मांडवात बसून धवळे, म्हणजे लग्नाची गाणी, गायची. आधी देवांना, मग गावदेवीला, मग घरातल्या मेलेल्या माणसांना एकेकाचं नाव घेऊन लग्नाला हाक मारायची, हे तिचं काम. चाळीस वर्षांत एक नाव चुकलं नाही. दर तिसऱ्या ओळीला खोकला तेवढा यायचा. तो लोकांनी चालीतच धरला होता.

मनस्वीच्या हळदीला मात्र तिला नुसतं जेवणाचं बोलावणं होतं. मनस्वीचा भाऊ प्रविण नागोठण्याला कंपनीत कामाला. त्याने गेल्या लग्नातलं तिचं गाणं मोबाइलमध्ये धरून ठेवलं होतं. ते एआयला ऐकवलं आणि घरच्यांची नावं देऊन तिच्या आवाजात नवा धवळा करून घेतला.

"आत्ते, तुझ्याच आवाजात हाय. तुला त्रास नको म्हणून."

"मला इचारलं असतंस तर त्रास झाला असता व्हय?"

प्रविणने स्पीकर लावला.

सरूआत्या दुसऱ्या रांगेत बसून स्वतःला ऐकू लागली. आवाज तिचाच, खोकला नाही. देव आले, गावदेवी आली. मग आवाज म्हणाला, 'या हो बाबाजी, स्वर्गाचं दार उघडून या.'

बाबाजी, नवरीचे चुलत आजोबा, पहिल्या रांगेत पान लावत होते. चुना बोटावरच राहिला. पाठोपाठ मांडवातच बसलेले दोन काका आणि एक मामीही गाण्यात स्वर्गातून खाली आली. नावांसाठी प्रविणने यंत्राला लग्नाची पत्रिकाच दिली होती, आणि तिच्यावर निमंत्रक म्हणून छापलेले सगळे जिवंत.

मांडवात स्पीकरकडे कुणी बघितलं नाही. सगळे सरूआत्याकडे बघू लागले.

"सरू," बाबाजी म्हणाले, "मी कधी गेलो गो?"

"मी नाय गायलं."

"मग आवाज कुणाचा हाय?"

आवाज तिचाच होता. ज्या आवाजाने जिवंत माणूस मेलेल्यांत काढला, त्याला पुढे कोण मांडवात बसवणार?

"आता परत आण मला," बाबाजी म्हणाले. "त्याबिगर हळद लागायची नाय."

मेलेल्याला परत आणायचा धवळा नव्हताच. तशी वेळ कधी आली नव्हती. सरूआत्या उठली, स्पीकरची वायर काढली, खोकली, आणि उभ्या उभ्या रचून गायली. गाण्यात बाबाजी स्वर्गाच्या उंबऱ्यावरून मागे फिरले, पानाचा डबा घरी राहिला म्हणून. काका फिरले. मामी सगळ्यात शेवटी, साडी बदलून.

बाबाजींनी पान तोंडात टाकलं. हळद लागली.

तेवढ्यात तिला प्रविणने वर धरलेला मोबाइल दिसला.

"ठेव तो खिशात," ती म्हणाली. "नायतर पुढच्या लग्नात तुला बोलवीन."

त्याने मोबाइल बंदच केला.