शेतं बुडवणारं गाव

बाणकोटच्या खाडीकाठी तय्यब होडेकरच्या घराण्यात होड्या बांधायचे. तय्यबच्या वाट्याला होडी आलीच नाही. बाप फळ्यांच्या फटींत तेलात भिजवलेला कापूस ठासायचा आणि तो शेजारी बसून हत्यारं द्यायचा. पुढे फायबरच्या होड्या आल्या, बापाचं काम सुटलं आणि तय्यब दुबईला आला. रास अल खोरच्या गोदामांमध्ये एक कारखाना होता. तिथे अजून न बांधलेल्या इमारती टेबलावर मावतील एवढ्या करून देत. त्याच्या हातात पटाशी बघून मालकाने त्याला ठेवून घेतलं.

"होडी बांधीन एक दिवस," असं तो कुलसुमला लग्नापासून सांगत आला होता. कुलसुम म्हणायची, "हो, आणि मी तिच्यात बसून मक्केला जाईन."

कुलसुमची मूत्रपिंडं निकामी झाली, तेव्हा या थट्टेतली गंमत गेली. तरी ती थट्टा करायचीच. मंगळवार, गुरुवार, शनिवार डायलिसिस. मधल्या दिवसांत मोजकं पाणी, एका छोट्या फुलपात्रातून. शरीरातलं पाणी बाहेर पडायला वाटच नव्हती. मशीन चुकली की ते पायांत साठायचं, मग पोटात, मग छातीत. मशीनचा खर्च तय्यबच्या नोकरीचा विमा उचलत होता. नोकरी गेली की व्हिसा जाणार, व्हिसा गेला की विमा. यापलीकडे तय्यबला दुसरा हिशेब उरला नव्हता.

आणि नोकरीचं काही खरं नव्हतं. बिल्डर आता मोठ्या पडद्यावर इमारती दाखवू लागले होते. कारखान्याचा मॅनेजर निनाद पुण्याचा, वयाने तय्यबहून लहान. त्याने एकदा चहा घेताना सांगून टाकलं, "तय्यबभाई, वरून प्रेशर आहे. मॉडेल सेक्शन बंद करायचं म्हणतायत. हे एक डच काम मिळालंय. ते क्लायंटला आवडलं तर तुमचं रिन्युअल मी पास करून घेतो. नाही आवडलं तर, यार, मग माझ्या हातात काही नाही."

डच काम म्हणजे खोर्कम. नकाशावर गोरिंकेम असं लिहिलेलं, पण दुबईच्याच सिलिकॉन ओएसिस भागातल्या त्या डच कंपनीचे लोक बोलताना खोर्कम म्हणायचे. मेरवेडे नदीच्या काठचं जुनं गाव. भोवती मातीचा तट, टोकदार बुरूज, खंदक, वेशी. पाण्याची कामं करणाऱ्या त्या कंपनीला आपल्या ऑफिसच्या दर्शनी भागात हे गाव ठेवायचं होतं, सोळाशे बाहत्तर साली होतं तसं.

"वलंदेजांचं गाव," तय्यब घरी येऊन म्हणाला. त्याचा बाप डच लोकांना वलंदेजच म्हणायचा.

मुलगी फिझा बारावीला. तिने अभ्यासातून मान वर न करता विचारलं, "व्हॉट हॅपन्ड इन सिक्स्टीन सेव्हन्टी-टू?"

तय्यबने ते कंपनीच्या माणसाकडून ऐकलं होतं. फ्रान्सचा राजा मोठं सैन्य घेऊन चालून आला. थोपवण्याइतकी फौज वलंदेजांकडे नव्हती. मग त्यांनी बांध फोडले, पाण्याची दारं उघडली आणि नदीचं पाणी स्वतःच्या शेतांत सोडलं. फार खोल नाही. माणसाला चालता येऊ नये आणि नावेलाही नीट जाता येऊ नये, एवढंच. त्या पाण्याच्या पट्ट्यात खोर्कम हे एक नाकं होतं. फ्रेंच फौज पलीकडेच थांबली.

"आणि शेतं ज्यांची होती ते?" कुलसुमने विचारलं.

"ओरडले असतील."

"ओरडले असतील म्हणजे? इतिहासात लिहिलेलं नाही?"

"शेतकऱ्यांनी बांध अडवायला बघितलं म्हणतात. शिपाई उभे करावे लागले."

कुलसुम फुलपात्रातला शेवटचा घोट तोंडात घोळवत राहिली. "म्हणजे काय बुडवायचं ते आधी ठरवावं लागतं," ती म्हणाली.

तय्यबने ते गाव जीव ओतून केलं. घरं लेझरने कापली, पण तट आणि बुरूज हाताने कोरले. त्याला सगळ्यात आवडली ती नदीकडची वेस. अशा वेशींना दोन्ही बाजूंच्या दगडांत उभ्या खाचा असतात. नदी चढली की खाचांत फळ्या सरकवायच्या, त्यांच्या आत हातभर अंतरावर फळ्यांची दुसरी रांग लावायची आणि मधे शेण, माती ठासून भरायची. झाला बांध. तय्यबला बापाचा कापूस आठवला. त्याने नखाएवढ्या फळ्या केल्या आणि खाचांत बसवल्या.

मॉडेल दोन भागांत होतं. गाव जाड लाकडी तळावर, उचलायला सहा माणसं लागतील असं. गावाबाहेरची शेतं मात्र निळ्या फोमच्या जाड लादीवर, खाटेएवढी लांब. वर पातळ प्लाय, त्यावर हिरवे चौकोन, मधून पाण्याच्या चकाकत्या रेघा आणि शेंगदाण्याहून लहान गाई.

ईदनंतरचा मंगळवार उजाडला. पावसाचा इशारा होता; शाळा ऑनलाइन, ऑफिसं घरून. आभाळ शिशासारखं झालं होतं. गुरुवारी क्लायंट येणार होता. सकाळीच निनादचा फोन आला.

"तय्यबभाई, सगळे वर्क फ्रॉम होम आहेत. मॉडेल खाली स्टँडवर आहे ना? मागच्या पावसात शटरखालून पाणी आलं होतं. जरा जाऊन बघता?"

"बघतो साहेब. पण एवढं पाणी येतंय कुठे? रास अल खोरमध्ये नळाला येत नाही."

निनाद हसला. "तेच. पण यू नेव्हर नो."

कुलसुम खिडकीशी उभी होती. शनिवार ते मंगळवार हीच सगळ्यात लांबची रजा असायची, आणि त्यात ईद. तिने दोन खजूर जास्त खाल्ले होते, शीरखुर्म्याची वाटीही चाटली होती. पाय सुजले होते.

"ऐकलंत का, मला आताच डायलिसिसला सोडा," ती म्हणाली. "हलिमा सिस्टरचा मेसेज आलाय. खुर्ची रिकामी आहे, लवकर आलात तरी चालेल म्हणते. हे आभाळ मला बरं दिसत नाही."

"तुझा नंबर दुपारचा आहे. मी तोवर येतोच."

"खाडीवर असं आभाळ आलं की तुमचे अब्बा होडी काढायचे नाहीत."

"मी कुठे होडी काढतोय? यल्ला, आलोच."

हे शेवटचं वाक्य तय्यबला पुढे फार दिवस छळत राहिलं.

तो कारखान्यात पोचला तेव्हा पाऊस कोसळू लागला होता. कारखान्यात तो एकटाच. गाव गुडघाभर उंचीच्या स्टँडवर होतं आणि एकट्याने ते हलणार नव्हतं. शटरखालून पाण्याची पहिली जीभ आत आली. तय्यबने बाहेर पाहिलं. रस्ता दिसेनासा झाला होता.

त्याला वेस आठवली. त्याने शटरच्या आत कमरेएवढ्या उंचीच्या फळ्या आडव्या लावून ठोकल्या. हातभर आत दुसरी रांग. मधे भरायला माती कुठून आणणार? कारखान्यात होत्या प्लॅस्टरच्या गोण्या. त्याने एकेक फाडली आणि फटीत ओतली. वरून चिंध्या ठासल्या. पाणी मुरलं, प्लॅस्टर तापलं, घट्ट झालं. आत येणारं पाणी थांबलं.

बाहेर पाणी मांडीपर्यंत चढलं होतं. आतली फरशी जवळजवळ कोरडी. तय्यब फळीवर हात ठेवून उभा राहिला. बापाला दाखवावंसं वाटलं. त्याने निनादला फोटो पाठवला. निनादने अंगठा पाठवला, मग लिहिलं, "हिरो!"

तेव्हा कुठे त्याच्या लक्षात आलं. साध्या मातीचा बांध फावड्याने काढता येतो. त्याने दगडाचा केला होता, प्लॅस्टर फटींतून शटरलाही धरून बसलं होतं, आणि दार तेवढं एकच होतं.

दिवे गेले. वरच्या चिंचोळ्या झरोक्यातून पाहिलं तर त्याची गाडी बॉनेटपर्यंत बुडालेली. दुपारची वेळ टळून गेली होती. त्याने कुलसुमला फोन लावला. फिझाने उचलला.

"अब्बा, व्हेअर आर यू? खाली सगळं पाणी आहे. लिफ्ट बंद आहे. कोणीच गाडी आत आणत नाहीये."

"अम्मी कशी आहे?"

"शी कान्ट लाय डाउन. शी इज ब्रीदिंग लाइक... अब्बा, प्लीज कम."

"अँब्युलन्सला फोन कर."

"केला. ते म्हणाले, वी आर ट्रायिंग. पाण्यातून गाडी पोचत नाहीये."

मागून कुलसुमचा आवाज आला, तुटक. "सांग त्यांना... गाव... बघा म्हणावं."

रागाने म्हणाली की थट्टेने, ते तय्यबला कळलं नाही. विचारणार तोच फोन कट झाला.

तो वळला. उरलेल्या उजेडात गाव कोरडं उभं होतं. चर्चचा मनोरा, गवंड्याने बांधावेत तसे बुरूज, वेशीतल्या नखाएवढ्या फळ्या. शटर उघडलं की पाणी स्टँडच्या वर जाणार. लाकडी तळ फुगणार, तट सुटणार. गुरुवारी क्लायंट येणार, आणि मग रिन्युअल नाही. गाव गेलं तर विमा गेला. विमा गेला तर मशीन गेली. आणि इथेच थांबलं तर कुलसुम आज.

त्याने हातोडा घेतला.

प्लॅस्टर सहज फुटलं नाही. हात सोलले. मधेच थांबून त्याने कटर उचलला आणि शेतांची लादी स्टँडपासून सोडवली. माणूस पेलेल असं दुसरं तरंगणारं काही कारखान्यात नव्हतंच. फळ्या निघाल्या. साखळी ओढून त्याने शटर वर केलं. पाणी असं आत आलं की तो पडला. उठून पाहिलं तेव्हा वेस दिसत नव्हती. मनोरा तेवढा वर होता. तो थांबला नाही.

लादी पाण्यावर ठेवली. तरंगली. दोरी बांधली, आणि बाणकोटच्या होड्या बांधणाऱ्यांचा मुलगा रास अल खोरच्या रस्त्यावरून शेतं ओढत निघाला.

इंटरनॅशनल सिटीत घराशी पोचेपर्यंत पाऊस ओसरला होता. इमारतीखाली पाणी कमरेवर. तय्यब आणि वॉचमन लियाकत, दोघांनी कुलसुमला प्लॅस्टिकच्या खुर्चीवर बसवून जिन्याने खाली आणलं. ओठ निळसर. तिला लादीवर बसवलं. फिझा पाण्यात उतरून मागून पाठीला टेकू देत चालू लागली. शाळेचा टॅब तिने नकळत गळ्यात अडकवून आणला होता.

"हीच का," कुलसुम श्वास गोळा करत म्हणाली, "तुमची... होडी?"

"बोलू नकोस."

"गाई... कुणाच्या?"

"वलंदेजांच्या."

"बुडतील," ती म्हणाली, आणि तळव्याने एक गाय झाकली.

हायवेचा चढ कोरडा होता. तिथे एका पठाणाचा उंच चाकांचा पिकअप माणसं भरत होता. "यल्ला, यल्ला, बैठो, अम्मी को आगे बिठाओ," तो ओरडला. लादी मागे टाकायला त्यानेच हात लावला. कशासाठी, ते त्यालाही माहीत नसावं.

डायलिसिस सेंटरमध्ये हलिमा सिस्टर सकाळपासून ड्युटीवरच होती. तिच्या जागी येणारी पोचली नव्हती. तिने कुलसुमकडे एकदा पाहिलं आणि काही न विचारता मशीन लावली. नळीतून रक्त जाऊ लागलं, येऊ लागलं. कुलसुमच्या छातीतली घरघर हळूहळू उतरली. फिझा खुर्चीच्या पायाशी बसून झोपली.

"आणखी उशीर झाला असता ना तर... जाऊ दे," हलिमा म्हणाली. "गुरुवारी वेळेवर आणा हं."

"इन्शाल्ला," तय्यब म्हणाला.

बुधवारी निनादचा फोन आला.

"तय्यबभाई, मी आत्ता कसाबसा पोचलो इथे. शटर उघडं आहे. कोणी फोडलं?"

"मीच उघडलं."

"का पण? काल तुम्ही फोटो पाठवला होता. सगळं सेफ होतं!"

तय्यबने सांगितलं. निनादने विचारलं, "वहिनी आता ओके आहेत ना?" आणि थोड्या वेळाने, हळू आवाजात, "मी वर काय सांगू, भाई? काहीच उरलेलं नाही."

"शेतं आहेत माझ्याकडे," तय्यब म्हणाला.

"काय?"

"काही नाही साहेब. खलास."

निनाद वाईट माणूस नव्हता. त्याने दोनदा वर शब्द टाकला. क्लायंटने समजून घेतलं, फुलं पाठवली आणि गाव पडद्यावर दाखवायचं ठरवलं. सेक्शन बंद झालं, तय्यबची नोकरी गेली.

विम्याचं कार्ड चालू होतं तोवर कुलसुम मशीनवर जात राहिली. दर वेळी काउंटरवर कार्ड लावताना तय्यब श्वास धरायचा. दर वेळी हिरवा दिवा लागायचा. मग एका मंगळवारी लाल लागला. काउंटरवरच्या मुलीने पुन्हा लावून पाहिलं. हलिमा बाहेर आली, मुलीच्या कानात काहीतरी बोलली, आत गेली, परत आली. तिच्या मागे दुसऱ्याच बाईला कुलसुमच्या खुर्चीत बसवत होते.

"मी बोलते कुणाशी तरी," हलिमा म्हणाली. "थांबा जरा."

ते बाकावर थांबले. परतीची तिकिटं अजून मिळाली नव्हती. गावाकडे जवळची मशीन कुठे आहे, खुर्ची रिकामी आहे का, याचे फोन तय्यब करत होता. कुणी उचलत होतं, कुणी नाही. समोर पाण्याचं कूलर होतं. एक माणूस आला, ग्लास भरून गटागट प्यायला, दुसरा भरला. कुलसुम बघत राहिली.

तिने नवऱ्याच्या हातातला फोन खाली केला.

"चला घरी," ती म्हणाली. "मी पाणी कमी पिईन."