दहावी सळी

जमीन मोजणाऱ्या टोळीत दुपारची शिदोरी सुटली की किस्सेही सुटतात. एकाने अस्वलाचा सांगितला की दुसऱ्याला मधमाश्यांचा आठवतो. जेवण संपतं, पाणी पिऊन होतं, पण कोणी उठत नाही. माझ्याजवळचे सगळे किस्से एकाच माणसाचे आहेत, माझ्या मोठ्या भावाचे. गणपतदादाला जाऊन अजून दोन महिने झाले नाहीत. हिवतापाने गेला. मी चौथीपर्यंत शिकलो, तेही मधूनमधून. टोळीतले म्हणाले, "लिहून ठेव गा, नाई तं विसरशील." मी विसरणार नाही. पण लिहितो.

*

दादा चिखल्याकडे एका ठेकेदाराच्या खाणीत चेनमन होता. चेनमन म्हणजे जमीन मोजायची लोखंडी साखळी धरणारा. साखळीचं मागचं टोक त्याच्या हातात असायचं. मागचाच माणूस मोजणी सांभाळतो, पुढचा नुसता ओढतो. आणीबाणी उठल्यानंतरच्या साली खाणीत काम कमी झालं आणि बरीच माणसं घरी बसवली. त्यात दादाही आला.

आंबागडला घरी आला तो भर दुपारी. विहिरीचा दोर काढला आणि आंगण मोजायला लागला. वैनी दारात येऊन उभी राहिली.

"काय मोजून राहिले?"

"आंगण."

"काहून? विकाचं आहे का?"

"नाई. हात रिकामे आहेत."

मग त्याने काम सुटल्याचं सांगितलं. वैनी आत जाऊन ताट मांडून आली. मग म्हणाली, "मोजून झालं असन तं जेवाले या."

*

दीड वर्ष तो घरी होता. घरी म्हणजे धानाच्या रोवणीला जायचा, जंगलात लाकूड तोडायला जायचा, मिळेल ते करायचा. पण कोणी नवा माणूस भेटला आणि काय करता म्हणून विचारलं, तर सांगायचा, "मी चेनमन आहो." जणू साखळी घरात खुंटीला टांगली आहे आणि उद्या सकाळी निघायचं आहे.

त्या काळात गावात एक लग्न निघालं. मांडव घालायला दादाला बोलावलं. त्याने गाठी मारलेला दोर लावून चारही कोपरे काटकोनात आहेत का ते पाहिलं. एक कोपरा टीचभर बाहेर निघाला. दादाने रोवलेला खांब उपटायला लावला. पाहुणे येऊन बसलेले, वाजंत्री तयार, आणि हा दोर धरून वाकलेला. नवरदेवाचा मामा वैतागला.

"गणपतराव, लग्न लावाचं आहे. कालवा नाई खोदाचा."

"कालवा खोदाचा असता तं मी इथं कायले असतो?" दादा म्हणाला.

सगळे हसले. तो हसला नाही. खांब मात्र हलवूनच घेतला.

*

आणि एक दिवस खरंच कालव्याची मोजणी आली. गावाबाहेर तळ्याच्या पाळीवर तंबू लागले. दादा सकाळीच आंघोळ करून, धुतलेला सदरा घालून गेला. मी नुसता सोबत गेलो. एकवीस वर्षांचा होतो, मलाही काम नव्हतं.

ओव्हरसियर साहेब पश्चिमेकडचे होते, बोलणं पुस्तकासारखं. त्यांनी उभ्या असलेल्या सगळ्यांना दूरचा एक पळस दाखवला आणि विचारलं, "इथून किती लांब असेल?" कोणी शंभर मीटर म्हणालं, कोणी दोनशे. दादाची पाळी आली.

"मोजल्याबिगर नाई सांगत, साहेब."

"अरे, अंदाज सांग."

"अंदाजानं सांगणारा चेनमन ठेवसान तं पाणी उलटं वाहीन."

साहेब हसले. म्हणाले, "माणूस कामाचा दिसतो. पण मागचं टोक सोमाजीकडे आहे. तो जुना आहे, या हंगामानंतर घरी बसणार म्हणतो. तोपर्यंत तू मोजणीच्या ओळीतली झुडपं तोड. जागा निघाली की बघू." आणि दादाच्या हातात कुऱ्हाड दिली.

मग त्यांची नजर माझ्या पायांकडे गेली. "हा उंच आहे. पुढचं टोक याला द्या."

*

पहिल्याच दिवशी मी साखळी फेकली. दादा पुढे काट्यात घुसून बोराटी तोडत होता आणि मी त्याने साफ केलेल्या वाटेने साखळी घेऊन चाललो होतो, त्याचं मला सहन झालं नाही. तिथेच टाकली आणि ओरडलो, "मी नाई ओढत! ज्याले येते त्याले द्या!"

सोमाजी म्हाताऱ्याने कपाळाला हात लावला. दादा झुडपातून बाहेर आला. हाताला रक्त होतं. त्याने साखळी उचलली, तिच्यातला गवताचा काडीकचरा काढला आणि माझ्या हातात ठेवली.

"तुले राग आला तं मले मार. इले फेकाची नाई. एक कडी वाकली का साऱ्या गावाची जमीन खोटी होते."

संध्याकाळी आंगणात विहिरीचा दोर घेऊन त्याने मला काम शिकवलं. पुढच्याजवळ दहा लोखंडी सळ्या असतात. साखळी ताणायची, मागून आवाज आला की तिच्या टोकाशी एक सळी ठोकायची आणि पुढे जायचं. मागचा येऊन ती सळी उपटून घेतो. मागच्याच्या हातात जितक्या सळ्या, तितक्या साखळ्या जमीन झाली. दहा झाल्या की साहेब वहीत लिहितात.

"मागून आवाज आल्याबिगर ठोकाची नाई," दादा म्हणाला. "आन दहाच्या दहा हातात आल्या पाहिजे."

वैनी चुलीपाशी बसून पाहत होती. म्हणाली, "भावजी, नीट शिका. ह्याइची जागा निघेपर्यंत तुमीच ह्याइची साखळी आहा."

*

धान कापून झालं होतं. आम्ही शेताच्या तुकड्यांमधून, बांध्यांमधून, मोजत चाललो होतो. साहेब मागे जीपजवळ होते, सोमाजी पाणी प्यायला थांबला होता, दादा पुढे झुडपात होता. माझ्या पायापासून ससा उठला आणि मी धावलो. काहूनच धावलो, मला आजही सांगता येत नाही. चार बांध्या धावलो. ससा बोडीच्या, म्हणजे लहान तळ्याच्या, पाळीवरून पलीकडे गेला.

परत आलो तर ठोकलेली सळी जागेवर नव्हती. धावताना साखळीत अडकून उपटली असेल. खूप शोधली. सोमाजी येताना दिसला तशी मी अंदाजाने एक जागा धरली, हातातली दुसरी सळी तिथे ठोकली आणि पुढे निघालो. आता सळ्या नऊच होत्या. जेवणाच्या सुटीत तंबूच्या दोरीचा लोखंडी खुंटा उपटला आणि तो दहावा म्हणून घुसवला. दिसायला तसाच होता. सोमाजीच्या डोळ्यांना फरक कळला नाही.

दादाला कळला. संध्याकाळी तंबूचा एक कोपरा वाऱ्याने फडफडत होता. त्याने तो कोपरा पाहिला, मग माझ्या हातातल्या सळ्या पाहिल्या, आणि घरी चालू लागला.

सकाळी तो साहेबांसमोर जाऊन उभा राहिला. मी साखळी घेऊन तिथेच होतो.

"साहेब, कालची ओळ परत मोजा लागते. एक सळी हरवली."

"कोणी हरवली?"

"मी. झुडूप तोडताना पायात आली, उपटून फेकली. सांगाले भेव वाटला."

साहेबांनी वही मिटली. "आणि तुला चेनमन व्हायचं आहे?"

"हव, साहेब."

मी साखळीच्या कड्या पुसत राहिलो.

ओळ परत मोजली. माझ्या अंदाजात अकरा मीटरचा फरक निघाला. हंगाम संपायच्या आधीच सोमाजीने काम सोडलं. साहेबांनी त्याच्या जागी कारध्याचा एक माणूस आणला. दादाकडे कुऱ्हाडच राहिली.

*

ओळ परत मोजली त्या दिवशी घरी जाताना मी दादाच्या मागे मागे चालत होतो. शेवटी दादाच बोलला.

"ससा भेटला का?"

"नाई."

"म्हंजे दोन्ही गेले."

एवढंच. त्यानंतर त्याने तो विषय कधी काढला नाही. मीही काढला नाही. दोन हंगाम गेले.

*

दादा गेल्यावर तेरवीला साहेब घरी आले. पायातले बूट बाहेर काढून आंगणात जमिनीवरच बसले. वैनीने पाणी दिलं. जाताना मला बाजूला घेऊन म्हणाले, "कारध्याचा माणूस सोडून चालला आहे. मागचं टोक तू धर. तुझ्या भावाची जागा समज."

"त्याची जागा मांगं नव्हती साहेब," मी म्हणालो. "झुडपात होती."

आणि मग सळीचं सगळं सांगून टाकलं. ससा, खुंटा, सगळं. चार माणसं ऐकत होती. साहेबांचा चेहरा उतरला.

"हे तू तेव्हा का नाही बोललास?"

दुसऱ्या दिवशी मी कामावर गेलो आणि पुढचंच टोक धरलं. मागे कोणी नवा माणूस आहे. आवाज बरा देतो.

*

हा किस्सा मी टोळीत सांगत नाही.

दादाच्या तापाचा चौथा दिवस होता. तुमसरला दवाखान्यात न्यायचं ठरलं होतं आणि वैनी बंडी जुंपायला सांगायला गेली होती. घरात आम्ही दोघंच होतो. दादाचे डोळे मिटलेले होते, हात चादरीवर काहीतरी शोधत होता. मी चादरीचं एक टोक त्याच्या हातात दिलं. त्याने ते कडी धरतात तसं मुठीत धरलं.

"चाल पुढं," तो म्हणाला.

मला कळलं नाही. मग कळलं. मी चादरीचं दुसरं टोक घेऊन खाटेच्या पायथ्याशी गेलो.

"उजव्या हाताले. आणखी. बस. ताण."

मी ताणली.

"ठोक."

जमीन सारवलेली, ओलसर होती. मी वाकून बोट रोवलं.

"चाल पुढं."

पुढे भिंत होती. मी पुन्हा तिथेच उभा राहून ताणली. पुन्हा ठोक म्हणाला, पुन्हा बोट रोवलं. असं किती तरी वेळ चाललं. त्याचा आवाज मोजणीच्या मोकळ्या रानात असावा तसा होता, एकदाही चुकला नाही. खाटेच्या पायथ्याशी जमिनीला भोकं पडली होती.

मग तो थांबला. बाहेर बंडीची चाकं वाजली.

"किती झाल्या?" त्याने विचारलं.

"नऊ," मी म्हणालो. "एक माह्याकडून हरवली, दादा."

त्याने डोळे उघडले नाहीत. चादर मुठीत पुन्हा नीट धरली.

"मंग पयलेपासून मोजू," तो म्हणाला, आणि ताणली.