नीलिमाच्या आवाजाची राखण

फोनवर नाव नीलिमाचं होतं, म्हणून मी "बोल गं" म्हणाले, तर पलीकडून घोगरा पुरुषी आवाज आला, "नीलिमा गेली." मी मांडवीच्या बाजारातल्या एका दुकानात उभी होते. भोवती गिऱ्हाइकांचा कलकलाट चाललेला, आणि माझ्या मनात पहिला विचार आला तो हा, की कुणीतरी तिचा फोन चोरलाय आणि आता पैसे मागणार. "कोण बोलतंय? आधी नाव सांगा," मी दरडावलं. पलीकडे बराच वेळ नुसतेच हुंदके... मग, "सुनंदाताई, मी शिरीष." तिचे यजमान. सकाळी चहा पिताना ती खुर्चीतून खाली कोसळली आणि दवाखान्यात पोचेपर्यंत सगळं संपलं होतं. संशय घ्यायला मला तिनेच शिकवलं होतं. तो नेमका तिच्याच मरणाच्या बातमीवर घेतला गेला.

आम्हा दोघींचे वडील रेल्वेच्या कारखान्यात. प्रतापनगरच्या क्वार्टर्समध्ये आम्ही शेजारीशेजारी वाढलो. गणपतीतल्या नाटकात माइक बंद पडला की सगळ्यांची तारांबळ उडायची, नीलिमाचा आवाज मात्र शेवटच्या सतरंजीपर्यंत खणखणीत पोचायचा. लग्न होऊन ती शहरातच तरसालीला गेली, काही वर्षं शाळेत शिकवत होती, आणि मग घरबसल्या आवाज देण्याची कामं घ्यायला लागली. मराठी, गुजराती, हिंदी, तिन्ही भाषांत जाहिराती, निवेदनं, मुलांच्या गोष्टी. पंख्याचाही आवाज नको म्हणून तो बंद करून, कपड्यांच्या कपाटाला आतून गोधड्या लावून त्यात तोंड घालून ती रेकॉर्डिंग करायची. तेव्हा कुणालाच नाही म्हणायची नाही. जेवताना फोन यायचा, "बेन, एक ज लाइन बदलवानी छे," आणि ही ताट झाकून उठायची. बदलायच्या एका ओळीच्या चार ओळी व्हायच्या, वरण निवून जायचं.

मग ते तेलाचं प्रकरण झालं. आमच्या मराठी मंडळातल्या एका गृहस्थांनी तिच्याकडून मुलांसाठी पुष्कळ गोष्टी वाचून घेतल्या होत्या. कागद वगैरे काही नाही. "आपली आपली माणसं, कागद कसला करायचा!" असं म्हणून त्यांनी पेढ्यांचा पुडा ठेवला होता. वर्षभराने तिच्या खालच्या मजल्यावरच्या मालतीकाकू लंगडत वर आल्या. गुडघ्याच्या तेलाची बाटली तिच्यासमोर धरून म्हणाल्या, "नीलिमा, तू सांगितलंस म्हणून डॉक्टरांच्या गोळ्या बंद केल्या गं मी." नीलिमाला काही कळेना. काकूंनी मोबाइलवर जाहिरात लावली. नीलिमाच्याच आवाजात, तिच्याच त्या मायाळू ढंगात, कुणीतरी सांगत होतं की मी स्वतः हे तेल वापरते, माझ्या गोळ्या सुटल्या. यातलं एकही वाक्य ती कधी बोलली नव्हती. त्या गृहस्थांकडची गोष्टींची रेकॉर्डिंग्ज यंत्राला ऐकवून त्याच्याकडून ते वदवून घेतलं होतं.

त्या गृहस्थांकडे आम्ही दोघी गेलो. ते हसत हसत म्हणाले, "अगं, आवाज तुझाच आहे ना? मग बिघडलं काय? उलट तुझं नाव होतंय." नीलिमा आवाज न चढवता म्हणाली, "काकूंचा गुडघा सुजलाय. तो माझ्या नावावर जमा झालाय." जाहिरात काढून घ्यायला तिला फार भांडावं लागलं, आणि मंडळात मात्र तीच भांडकुदळ ठरली.

त्यानंतर तिने एका वकीलबाईंकडून दोन पानांचा करार करून घेतला, आणि त्यावर सही झाल्याशिवाय ती तोंड उघडेनाशी झाली. आवाज कुठल्या मजकुरासाठी, कुठे, किती काळ वापरायचा. दुरुस्ती एकदाच. संध्याकाळी सातनंतर फोन नाही. आणि तिच्या आवाजावरून यंत्राने नवीन काही बोलायचं नाही, ती असताना किंवा नसताना. 'नसताना' वाचून मी चिडवलं होतं. जुनी गिऱ्हाइकं तुटली. शिरीषरावांना अवघडल्यासारखं व्हायचं. मीही एकदा वैतागून म्हणाले, "तुला काय सगळेच चोर वाटतात?" ती म्हणाली, "नाही गं. पण कोण गोड बोलायला लागलं की आता मला काकूंचा गुडघा आठवतो." माणसं आपुलकीने बोलली की ती सावरून बसायची. हे बघून कधीकधी मला वाईट वाटायचं...

ती गेल्यावर दोन-तीन आठवड्यांनी एक तरुण घरी आला. शाळेचे पाठ मोबाइलवर देणाऱ्या कंपनीतून. तिचं काम त्यांच्याकडे अर्धवट राहिलं होतं. मी तिथेच होते. त्याने फळं आणली होती, फोटोला हात जोडले, डोळेही पुसले. मग म्हणाला, "अंकल, नीलिमाबेनचं काम आपण पूर्ण करू. त्यांच्याच आवाजात. एक सही हवी, फॉर्मालिटी छे." त्याने फोन पुढे केला, "तुमच्यासाठी खास बनवलंय," आणि खोलीत नीलिमा बोलली. "शिरीष, जेवलास का?"

शिरीषरावांच्या डोळ्यांतून पाणी वाहायला लागलं. "पुन्हा लावा," ते म्हणाले. पुन्हा लावलं. मला भीती वाटली, हे आता सही करणार. त्यांनी पेन घेतलंही. मग तिसऱ्यांदा ऐकताना ते थांबले.

"ती मला अहो म्हणायची," ते सावकाश म्हणाले. "सगळ्या जन्मात कधी नावाने हाक मारली नाही."

"ते बदलून देऊ ना, अंकल. पाच मिनिटांत."

"बदलाल हो. पण हे बनवलंत म्हणजे तिचा आवाज यंत्रात घालून झालाय. सही तर अजून झालीच नाही."

तो चाचरला. नुसता नमुना आहे, म्हणाला. शिरीषरावांनी आतून त्याच्या कंपनीने सही केलेला करार आणला, शेवटच्या कलमावर बोट ठेवलं आणि नमुना पुसल्याचं कंपनीकडून लेखी मागितलं. फळंही परत दिली. ज्या कराराची त्यांना लाज वाटायची, तो पुढ्यात धरून ते ताठ बसले होते.

कंपनीचं पत्र आलं. पुसलं म्हणतात. खरं असेल? तो मुलगा वाईट वाटला नव्हता, रडला तेही खोटं नसावं. पण आता बँकेत फोन लावला, दुकानात घोषणा ऐकली, की मी कान टवकारते. एखाद्या दिवशी ती कुठेतरी काहीतरी विकताना ऐकू येईल, अशी धास्ती आहे.

गेल्या रविवारी मी तरसालीला गेले तेव्हा शिरीषरावांनी तिचं शेवटचं रेकॉर्डिंग लावलं. नदीवरचा धडा. वाचून संपला तरी ते सुरूच राहिलं. शेवटी थोडा वेळ गप्प बसून खोलीची शांतता टिपायची तिची सवय होती, रेकॉर्डिंगचे तुकडे जोडताना ती लागते म्हणे. आम्ही दोघं ती शांतता ऐकत बसलो. लांबून कुणाची तरी स्कूटर गेली. तिचा श्वास ऐकू आला. मग नेहमीच्या, घरातल्या आवाजात ती म्हणाली, "झालं हं माझं. पंखा लावा आता, जीव गेला उकाड्याने."

शिरीषराव उठले आणि त्यांनी पंखा लावला.