टिकाऊ शब्दांचा आठवडा

तुम्ही दिवसातलं पहिलं वाक्य किती वाजता बोलता? मी कधी कधी दुपारी तीनला बोलते. मिस्टर गेले, मुलगा बंगळुरूला. बोळिंजच्या फ्लॅटमध्ये मी एकटी. भाजीसुद्धा आता मोबाइलवर मागवतात, म्हणजे घासाघीसही गेली! म्हणून सोसायटीच्या हॉलमधल्या इंग्लिशच्या क्लासला नाव घातलं. तिथे बोलावंच लागतं.

बायका रोज एका टेबलाभोवती बसल्या की किस्से साठतातच. पण आमच्याकडे सगळ्यात जास्त साठले ते एकाच आठवड्यात. फ्लोरीटीचर वटारच्या, शाळेतून रिटायर झालेल्या. त्यांनी फळ्यावर नुसते टिकणाऱ्या गोष्टींचे शब्द लिहिले: ड्युरेबल, लाँग-लास्टिंग, परमनंट, एव्हरलास्टिंग. "प्रत्येकीने वाक्य करायचं!"

*

मंगलवहिनींचा नंबर पहिला. "माय हसबंड इज ड्युरेबल."

टीचर म्हणाल्या, "ड्युरेबल वस्तूंना म्हणतात. खुर्ची, टेबल, चपला. माणसाला नाही."

"मग बरोबरच आहे की! रिटायर झाल्यापासून खुर्ची आणि ते, मी वेगळे बघितलेच नाहीत!"

आम्ही हसून हसून दमलो. वहिनी पाण्याची बाटली उघडत म्हणाल्या, "बोलतही नाहीत हो फारसे."

*

कुंदा पाचूबंदरची. सकाळी बोळिंजमध्ये मासळी विकते, टोपली रिकामी झाली की हात धुऊन क्लासला हजर.

"ड्राय बोंबील इज लाँग-लास्टिंग."

"व्हेरी गुड!"

"गुड कसलं, टीचर? ताज्या बोंबलात पानीच पानी, म्हनून तो गोड. सुकवला की टिकतो. पन मंग तो मासा राहत नाय, नुसता टिकतो!"

टीचरनी ते इंग्लिशमध्ये करायला सांगितलं. तास संपला, कोणालाच जमलं नाही. टीचरनासुद्धा!

*

परमनंटचं वाक्य टीचरनी स्वतःच केलं. मला वाटलं, नोकरीचं सांगतील.

"आमच्या दफनभूमीत आता परमनंट जागा मिळत नाही," त्या म्हणाल्या. "काही वर्षांनी तीच कबर दुसऱ्याला देतात. माझे मिस्टर टेम्पररीत आहेत."

मग त्याच हसल्या. "जन्मभर भाड्याच्या घरांना नावं ठेवली त्यांनी. आता बघा!"

*

एव्हरलास्टिंग माझ्या वाट्याला आला. मी मुलाला मेसेज केला, 'याचं वाक्य कसं करायचं रे?' त्याने अंगठा पाठवला. मला वाटलं, कामात असेल. संध्याकाळी पुन्हा विचारलं. पुन्हा अंगठा!

क्लासमध्ये सांगितलं, तर कुंदा म्हणाली, "झालं की गो तुझं वाक्य! त्याचा अंगठा एव्हरलास्टिंग हाय!"

सगळ्यात मोठ्याने मीच हसले.

*

शुक्रवारी टीचर उशिरा आल्या. बसल्याही नाहीत. मुलगी त्यांना ऑस्ट्रेलियाला घेऊन चालली होती, कायमची. क्लासचा तो शेवटचा दिवस. हॉल सोसायटीने जिमला देऊन टाकला होता.

शनिवार-रविवार माझे मुकेच जातात. आता सोमवारही तसाच जाणार, एवढंच माझ्या डोक्यात आलं.

"शेवटचं वाक्य कोण करतंय?" टीचरनी विचारलं. मग त्यांनी माझ्याकडे बघितलं.

मी उभी राहिले. "माय हाउस इज व्हेरी ड्युरेबल. नोबडी ब्रेक्स एनिथिंग."

मंगलवहिनी हसायला लागल्या आणि मधेच थांबल्या. टीचरनी खडू खाली ठेवला. "करेक्ट," एवढंच म्हणाल्या.

कुंदा माझ्याकडे बघत होती. "काचेचं काय काय हाय गो तुझ्या घरात?"

"बरण्या आहेत, ग्लास आहेत. का गं?"

"काय नाय. इचारलं."

दुसऱ्या दिवशी सकाळी कुंदाने तिच्या अडीच वर्षांच्या नातीला माझ्या दारात उभं केलं, "टोपली इकून येते," म्हणाली आणि लिफ्टने खाली गेली. चहाला उकळी यायच्या आत पोरीने माझी लोणच्याची बरणी फोडली.