रोमच्या सुरईचा कान

दोन हजार वर्षांपूर्वी आमच्या सोपाऱ्याच्या बंदरात रोमचा माल उतरायचा, असं सांगितलं की लोक आजही माझ्याकडे कीव आल्यासारखे बघतात. बघू देत. रोमच्या सुरईची खापरं आमच्याच वाडीत खणून निघाली, माझ्या डोळ्यांदेखत. आणि ती निघाली, कारण मी हटले नाही.

आमच्या विहिरीवर पाणी उपसायला मडक्यांच्या माळेचा रहाट होता. रहाटाची मडकी सारखी फुटायची. ती खापरं एकाच कोपऱ्यात टाकायची, हा घरचा नेम, कारण वाडीत सगळे अनवाणी. त्या ढिगावर कुणी पाय ठेवला की बाबांचा धपाटा ठरलेला. पणजोबांपासून तिथे ना कुणी कुदळ मारली, ना केळ लावली.

ऐंशी सालाच्या आसपास रहाट गेला, पंप आला. मी तेव्हा कॉलेजात होते. त्या पावसाळ्यात ढिगाची कड ढासळली आणि खालून जाडजूड कान असलेलं खापर वर आलं. आता रहाटाच्या मडक्याला कान कुठला? त्याला गळ्याशी दोरी बांधतात. मी ते इतिहासाच्या सरांना दाखवलं.

"रोमकडची दारूची सुरई दिसतेय," सर म्हणाले. "खालची जमीन तशीच ठेवा. दिवाळीनंतर माणसं घेऊन येतो, खोदून बघू."

काकांना तेवढा दम कुठला. विहिरीकडची जागा चाळीसाठी द्यायची त्यांनी ठरवलं होतं. "फुटक्या मडक्यांपायी व्यवहार मोडू होय?" म्हणाले आणि नवरात्रातच ढीग सपाट करायला ट्रॅक्टर आणला. बाबा त्यांचे धाकटे भाऊ, त्यांच्यापुढे कधी तोंड उघडायचे नाहीत. माझं मात्र डोकं फिरलं. मी तशीच अनवाणी ढिगावर चढले आणि मधोमध फतकल मारून बसले. टाच चांगलीच कापली.

"उतर खाली," काका म्हणाले.

"नाही उतरत."

"मुलीच्या जातीला शोभतं का हे?"

"न शोभू दे. चालवा तुमचा ट्रॅक्टर."

तेवढ्यात बाबा आले. मला वाटलं, आता धपाटा. पण ते स्वतःच ढिगावर चढले, जपून पाय टाकत, आणि माझ्या शेजारी बसले. माझी टाच मांडीवर घेऊन पंच्याने रक्त पुसलं.

"दादा," ते मान वर न करता म्हणाले, "दिवाळी होऊ दे. खाली काय आहे ते पोरीला बघायचंय."

काका उभे होते आणि बाबा बसून बोलत होते. आमच्या घरात असं कधी झालं नव्हतं.